आमच्या घरात मांजर नाही

आई: अजून वाजतंच आहे का ते गाणं?

याद्रांका: वाजतंय. एकवीस मिनिटं झाली.

आई: बरं आहे की. तोर्वेलवाल्यांचं नुसतं टूं टूं व्हायचं.

याद्रांका: आई, गाण्यावरून लॅपटॉप निवडत नाहीत.

आई: मग कशावरून निवडतात? तू फ्रिजवर चिकटवलेल्या त्या कागदावरून?

याद्रांका: त्या कागदासाठी मी दोन महिने डोळे फोडलेत. कुठला किती टिकतो, बिघडला तर फोन कोण उचलतं, उचलल्यावर माणूस बोलतो की यंत्र. तोर्वेलची बांधणी चांगली, पण बाई व्हिएन्नात बसणार आणि इतकं गोड बोलणार की फोन ठेवल्यावर कळतं, काहीच मिळालं नाही. झेलान स्वस्त, पण तिथे माणूसच नाही. ‘एक दाबा, दोन दाबा.’ मी नऊपर्यंत दाबून आले. आणि ऑर्विक सगळ्यात भरवशाचा. नऊ गुण दिलेत मी त्याला. ‘चोवीस तासांत तंत्रज्ञ तुमच्या दारात.’

आई: आणि गेला अकरा महिन्यांत.

याद्रांका: गेला म्हणू नकोस.

आई: काल दुपारपासून डोळे मिटून पडलाय. ह्याला काय म्हणायचं मग?

याद्रांका: आधी तापला, मग विमानासारखा ओरडला, मग बंद पडला. अगदी पहिल्या दोघांसारखा. मला कळत नाही, मी काय पाप केलंय? तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दातांच्या डॉक्टरकडे सात वर्षांचा तोर्वेल आहे. पोरं त्याच्यावर सरबत सांडतात, तरी चालतो!

आई: माझा फ्रिज बघ. तुझ्या जन्माच्या आधीचा. त्याच्यासाठी कधी कुणाला फोन केला मी? रोज पुसायचं, झाकायचं, माया लावायची. वस्तू टिकते.

याद्रांका: फ्रिजवर भाषांतर करता येत नाही, आई.

आई: नाही येत. पण त्यात दूध तरी राहतं.

याद्रांका: तुझी ती क्रोशाची सुई बाजूला ठेव बघू जरा. सारखी हलतेय डोळ्यांसमोर.

आई: हा एवढा रुमाल संपवते. आजच्या दिवशी कुणाकडे जायचं झालं तर हातात काही नको?

याद्रांका: कुणाकडे जायचंय? मला सहा वाजता एकशे शहाऐंशी पानं पाठवायचीत, आणि ती सगळी ह्या डब्यात अडकलीत!

आई: एजन्सीच्या त्या बाईला सांग की मशीन बिघडलं.

याद्रांका: मागच्या दोन वेळी काय सांगितलं होतं मी? तेच. तोर्वेल मेला तेव्हा तिनं ऐकलं. झेलान मेला तेव्हा म्हणाली, ‘मॅडम, तिसऱ्यांदा असं झालं तर आम्ही दुसरं माणूस बघू.’ सत्तेचाळीस वर्षांची आहे मी. ह्या वाल्येवोत जर्मनमधून भाषांतर करणाऱ्या बाईला दुसरं काम कोण देणार? हे गेलं की आपण दोघी तुझ्या पेन्शनवर.

आई: म्हणजे बीन्सवर.

याद्रांका: हसू नकोस.

आई: हसत नाहीये. दुसरीकडे कुठे उतरवून ठेवायची नाहीत का ती पानं?

याद्रांका: नाही ठेवता येत. सही केलीय मी. ऑर्विकच्या नव्या मशीनचं माहितीपुस्तक आहे ते, मशीन अजून बाजारात यायचंय. तोवर सगळं गुप्त. इंटरनेटवर ठेवायचं नाही, छापायचं नाही, पेन ड्राइव्हवर घ्यायचं नाही.

आई: म्हणजे ऑर्विकचं पुस्तक तू ऑर्विकवर लिहिलंस आणि ऑर्विकनंच ते गिळलं?

याद्रांका: हो! आणि आता ऑर्विकच मला गाणं ऐकवतोय! निदान हे लोक तरी मांजराचं नाव काढणार नाहीत, एवढीच आशा आहे.

आई: ते मांजर तू डोक्यातून काढून टाक आता.

याद्रांका: कसं काढू? तोर्वेलनं मशीन परत पाठवलं, सोबत कागद: ‘आत मांजराचे केस. दुरुस्ती वॉरंटीत बसत नाही.’ झेलाननं पाठवलं: ‘मांजराचे केस.’ दोन वेगळ्या कंपन्या, एकच थाप! आमच्या घरात मांजर नाही, असं इमारतीच्या अध्यक्षाकडून सही-शिक्क्यानिशी लिहून आणलं मी. त्या मेल्या मिलिसावनं शिक्का मारायच्या आधी पलंगाखाली वाकून बघितलं!

आई: त्याची सवयच आहे ती.

याद्रांका: थांब, उचलला! हॅलो? हो, मीच. तक्रार काल दुपारी नोंदवलीय... तापतो आणि बंद पडतो. आता तर सुरूच होत नाही... नाही, उद्या नको, आज. तुमच्या जाहिरातीत चोवीस तास लिहिलंय... काय? संत निकोला... हो, मला माहितीय आज एकोणीस डिसेंबर आहे... सहाच्या सहा तंत्रज्ञांचा? सगळ्यांच्याच घरचा संत निकोला कसा काय?... अहो, मग पार्टिझानसारखी फुटबॉलची टीम करा! एखादा वेगळ्या संताचा माणूस ठेवायचा नाही का कामावर?... तोही पाहुणा म्हणून गेलाय?... आमच्या भागाचा कोण आहे?... रातोमीर पांतेलिच. वाल्येवोतच राहतो?... नाही, नंबर तुम्ही देणार नाही, कळलं... तुमचाही आजच आहे? आणि तुम्ही फोनवर बसलाय?... हो. हो, तुम्हालाही शुभेच्छा. घरी जा, बाई. मासा थंड होईल.

आई: काय म्हणाली?

याद्रांका: कायद्यानं रजा आहे म्हणे. उद्या सकाळी येईल. नऊ गुण दिले होते मी ह्यांना, आई! नऊ!

आई: कोण रातोमीर म्हणालीस?

याद्रांका: पांतेलिच.

आई: पांतेलिच म्हणजे स्तानाचा मुलगा. मोज्यांच्या कारखान्यात ती माझ्या शेजारच्या मशीनवर होती, बावीस वर्षं. कोलुबारा नदीच्या पलीकडे, लाकडाच्या वखारीमागे घर. ऊठ, कोट घाल.

याद्रांका: कशाला?

आई: त्यांच्याकडे आज स्लाव्हा, घरच्या संताचा सण आहे ना? मग जायचं.

याद्रांका: आपल्याला कुणी बोलावलंय?

आई: स्लाव्हाला बोलावतं कोण? ज्याला यायचं तो येतो. आणि दारात आलेल्याला आज परत पाठवत नाहीत. फोनवर पाठवत असतील, दारातून नाही.

याद्रांका: लॅपटॉप घेऊन जाऊ संताच्या जेवणाला? लाज नाही वाटायची?

आई: कोटाखाली घे. थांब, शेवटचा फेरा राहिलाय माझा. झाला. रिकाम्या हातानं नको जायला.

(दुपारचा एक. रातोमीर पांतेलिचच्या घराचा दरवाजा. आत पाहुण्यांचा गलका.)

आई: स्लाव्हाच्या शुभेच्छा, यजमान! संत निकोला तुमचं रक्षण करो. मी रुजित्सा. तुझ्या आईबरोबर होते, मोज्यांत.

रातोमीर: रुजित्सामावशी! आई गेली तेव्हा आला होतात तुम्ही. या, या, आत या. आणि ह्या?

आई: माझी मुलगी. हे घे, तुमच्या घरासाठी, माझ्या हातचा आहे.

रातोमीर: केवढं नाजूक काम! ओल्गा, हा रुमाल टीव्हीवर घाल गं, सगळ्यांना दिसू दे. ताई, तुमचा कोट द्या.

याद्रांका: नको, राहू दे.

रातोमीर: अहो, आत चूल पेटलीय, उकडेल तुम्हाला. द्या इकडे.

याद्रांका: कोटात लॅपटॉप आहे.

रातोमीर: कोटात काय आहे?

याद्रांका: ऑर्विक. बंद पडलाय. मला माफ करा, रातोमीर, मला सगळं कळतंय, आज तुमचा दिवस आहे, पण सहा वाजता...

रातोमीर: आधी गहू घ्या.

याद्रांका: काय?

रातोमीर: शिजवलेला गहू. चमचाभर. संताच्या नावानं. मग वाइनचा घोट, मग बसायचं, मग मासा. बाकीचं नंतर.

याद्रांका: पण माझ्याकडे वेळ...

आई: याद्रांका, गहू खा.

रातोमीर: बसा, इथे बसा, मेणबत्तीच्या बाजूला. हा कार्प माझ्या मेहुण्यानं पहाटे आणलाय. काय हे ताई, एवढासा? शेपटीकडचा तुकडा घेतलात, पाहुण्यानं असा घेऊ नये. आणि बीन्स? बीन्स नाही घेतल्या तर ओल्गा वर्षभर बोलून दाखवेल.

याद्रांका: घेतल्या. खाल्ल्या. फार छान आहेत. आता बघता का?

रातोमीर: अक्रोडाचा केक राहिला.

याद्रांका: आई, मी रडेन हं आता. इथेच, ह्यांच्या पाहुण्यांसमोर.

आई: रातोमीर, लेकरा, हिचं काम जाईल रे. काल दुपारपासून पोटात अन्न नाही पोरीच्या. तुझ्या घरी खाल्लं तेवढंच.

रातोमीर: मावशी, आज हातात हत्यार धरत नाही मी. बाबाही धरायचे नाहीत. मेणबत्ती जळतेय तिथे.

आई: आज तुझ्या दारात कुणी ताप घेऊन आलं असतं, तर मेणबत्ती विझेपर्यंत थांबवलं असतंस?

रातोमीर: माणूस वेगळा हो.

आई: ह्याला पण तापच आहे.

रातोमीर: काय बोलणार तुमच्यापुढे! चला, मागच्या स्वयंपाकघरात. ओल्गा, पाहुण्यांकडे बघ जरा. दार लोटून घ्या, ताई. हं, ठेवा इथे. ती काचेची भांडी सरकवा तिकडे.

याद्रांका: किती वेळ लागेल?

रातोमीर: उघडू तर द्या. कधीपासून तापतो?

याद्रांका: उन्हाळ्यापासून. त्याच्या आधीचा झेलान तापायचा. त्याच्या आधीचा तोर्वेल. तुम्ही आतले आहात, खरं सांगा, ह्या तिघांत चांगला कुठला?

रातोमीर: आतून? तिन्ही भावंडं आहेत. पंखा तर एकाच कारखान्यातला, फक्त डबा वेगळा.

याद्रांका: आणि ग्राहकसेवा?

रातोमीर: ग्राहकसेवा म्हणजे मी.

याद्रांका: ऑर्विकची, हो. पण तोर्वेलची? झेलानची?

रातोमीर: तीही मीच. द्रिना नदीपर्यंत तिन्ही कंपन्यांचा मीच एकटा. मशीन बेलग्रेडला जातं, बेलग्रेडहून माझ्याकडे येतं, माझ्याकडून परत बेलग्रेडला.

याद्रांका: म्हणजे मी वाल्येवोतून बेलग्रेडला पाठवत होते, आणि ते इथे, पुलाच्या पलीकडे येत होतं?

रातोमीर: येतच असणार. हे बघा, पंखा गच्च अडकलाय. फिरत नाही म्हणून सुरू होत नाही बिचारा. चिमटा द्या तो. केवढं निघतंय... ताई, मांजराचं नाव काय तुमच्या?

याद्रांका: काय म्हणालात?

रातोमीर: पांढरं आहे ना? लांब केसांचं?

याद्रांका: ते तुम्ही होतात!

रातोमीर: कोण?

याद्रांका: आमच्या घरात मांजर नाही! नाही, नव्हतं, कधीच नव्हतं! तुमच्या त्या एका ओळीपायी मी व्हिएन्नाला अकरा पत्रं लिहिली! मिलिसाव माझ्या पलंगाखाली शिरला!

रातोमीर: थांबा, थांबा. तो शिक्कावाला कागद तुमचा होता? ‘मांजर नसल्याचं प्रमाणपत्र’? बेलग्रेडच्या ऑफिसात भिंतीवर लावलाय हो तो.

याद्रांका: भिंतीवर लावलाय! ऐकलंस, आई?

रातोमीर: पण ताई, हे काय आहे मग? हे बघा. पांढरं, मऊ. तिन्ही मशीनांत हेच. मी तरी दुसरं काय लिहिणार?

आई: इकडे दाखव. उजेडात धर. हे केस नव्हेत.

रातोमीर: केसच आहेत, मावशी.

आई: बावीस वर्षं काय मी तिथे झोपा काढल्या? बोटांत धरून बघ. पीळ आहे ह्याला. हे सूत आहे. सुती, बारीक, आठ नंबरचं. मी तर दुसरं वापरतच ना...

रातोमीर: काय झालं?

याद्रांका: आई.

आई: काय गं?

याद्रांका: घरी हा लॅपटॉप कशावर असतो?

आई: टेबलावर.

याद्रांका: आणि टेबलाच्या वर?

आई: रुमाल आहे की. मग काय उघड्या लाकडावर ठेवायचं? ओरखडे पडतील.

याद्रांका: आणि दुपारी मी पडते तेव्हा? त्याला तसाच चालू ठेवून?

आई: तेव्हा वरून दुसरा घालते. मोठा, झालरीचा. धूळ बसू नये. आणि तो उजेड तुझ्या डोळ्यांवर येतो ना.

याद्रांका: तीन, आई! तीन मशीनं! श्वास कोंडून मारलीस तू तिघांना! मी जगभर भांडत फिरले, त्या व्हिएन्नाच्या बाईला खोटारडी म्हणाले, दोन कामं गेली माझी, आणि तू तिथेच बसून होतीस, सुई हलवत!

रातोमीर: ताई, हळू. बाहेर पाहुणे आहेत.

याद्रांका: मला राग कसला येतोय सांगू? तो रुमाल मी रोज बघतेय. रोज! फ्रिजवर आहे, रेडिओवर आहे, फोनखाली आहे. दिसलाच नाही मला. फ्रिजवर कागद चिकटवला तोसुद्धा त्याचीच झालर बाजूला सारून!

आई: मी जपत होते गं त्याला.

याद्रांका: माहितीय.

आई: तू सांगितलं होतंस, आपलं दोघींचं ह्याच्यावर चालतं. मला त्यातलं दुसरं काय येतं? सगळ्यात चांगला रुमाल काढून घातला होता मी. लग्नातला.

रातोमीर: मावशी, डोळे पुसा. हा पंखा फिरला बघा. लाल बटण दाबू?

याद्रांका: दाबा.

रातोमीर: दिवा लागला. येतंय. आधीच्या दोघांचं आतलं सगळं जळलं होतं, हा वेळेवर आला. तुमची पानं कुठे असतात?

याद्रांका: मला द्या. इथे... आहे. आहे! एकशे शहाऐंशी. देवा रे.

रातोमीर: खाली काही मऊ ठेवू नका. ह्या दोन काडेपेट्या घ्या, कोपऱ्यांखाली. आता प्रश्न माझ्या अहवालाचा. खरं लिहिलं तर वॉरंटी गेली तुमची. मी आपलं ‘धूळ’ लिहितो.

आई: धूळ?

रातोमीर: हो. धूळ चालते त्यांना.

आई: माझ्या घरात धूळ नसते.

याद्रांका: आई, लिहू दे ना त्यांना!

आई: मांजर म्हणालात, मी गप्प बसले. पण धूळ नाही लिहायची. उद्या तो कागद पण भिंतीवर लावाल. रुमाल लिही. रुजित्साचा रुमाल.

रातोमीर: बरं. ‘कापसाचे तंतू, कारण अज्ञात.’ चालेल?

आई: चालेल.

रातोमीर: आणि टीव्हीवर टाकलाय तो काढू का?

आई: राहू दे. मागच्या भोकांवर येऊ देऊ नकोस फक्त.

रातोमीर: ताई, तुम्ही इथेच बसून काम संपवा. घाई नाही, कुणी येणार नाही इकडे. मी केक पाठवतो.

याद्रांका: रातोमीर, तुमचे उपकार...

रातोमीर: पुढच्या वर्षी या. कोटात काही न घेता.

आई: गेला बिचारा. गुणाचा आहे हो, अगदी स्तानावर गेलाय. किती राहिलंय तुझं?

याद्रांका: शेवटची नजर टाकायचीय. पाच वाजेपर्यंत होईल. तू बाहेर बस ना, तिथे ऊब आहे.

आई: इथेच बसते. बोलणार नाही. हातात सुईही नाहीये आज.

याद्रांका: बस.

आई: का थांबलीस?

याद्रांका: काही नाही.

आई: पुन्हा बंद पडला?

याद्रांका: नाही गं. हे बघ. चौदावं पान. ‘उपकरण कापडावर ठेवू नये. चालू असताना कोणत्याही वस्त्रानं झाकू नये.’

आई: हे ऑर्विकवाल्यांनी लिहिलंय?

याद्रांका: त्यांनी जर्मनमध्ये. आपल्या भाषेत मी. ऑक्टोबरमध्ये.

आई: ऑक्टोबरमध्ये मी तो मोठा रुमाल करत होते. तुझ्या शेजारीच, खुर्चीवर.

याद्रांका: हो.

आई: मग मोठ्यानं वाचत जा ना गं कधीतरी. मी तिथेच तर असते.